एकीपुरती पेटी

आमच्या दुकानात फोटोंना चौकटी करून मिळतात. काचा ज्या लाकडी पेटीतून येतात, तसली एक रिकामी पेटी मालकांनी मला फुकट दिली. नवा पाळणा परवडण्यासारखा नव्हता आणि लेक महिनाभर आधीच जन्मलेली. घरातली फरशी ओलसर, आमची खाट अरुंद. "हिला गारठा लागता कामा नये," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मी फळ्या घासून गुळगुळीत केल्या, पेटीला चार पाय ठोकले आणि जुन्या गादीतला कापूस पिंजून एक घट्ट, छोटी गादी शिवली. आतली रुंदी बरोबर बावीस इंच. मापाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

लेक अकरा दिवसांची असताना पहिल्यांदा खटकलं. मधोमध निजवलेली पोर तासाभराने डाव्या फळीला चिकटलेली होती. एवढ्याशा जिवाला कूससुद्धा बदलता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने खूण करून निजवली, तरी तेच.

संशय हा माझा जुना आजार. मदतीला माझी धाकटी बहीण आली होती, आणि आत्याला भाचीचा लळा जरा जास्तच होता.

"झोपलेल्या पोरीला उचलतेस ना गं तू?"

"हातसुद्धा लावलेला नाही. दादा, कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं."

बायको हसली. मला हसू आलं नाही. शब्दाने शब्द वाढत गेला आणि बहीण पिशवी उचलून तडक आपल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळचे अकरा, बायको न्हाणीघरात, घराच्या दाराला आतून कडी. मी दुधाखालचा गॅस बंद केला आणि वळलो. लेक डाव्या फळीशी होती.

उजवीकडे गादीला खळगा पडला होता. तिच्याच लांबीचा. हात ठेवला तर ऊबदार लागला.

घाबरण्याआधी मला राग आला. दुपारी मी पेटीत एक उभी फळी बसवली आणि उजवी बाजू बंद करून टाकली. सहा स्क्रू, करकचून. राहिली जेमतेम अकरा इंच जागा, एकीपुरतीच.

"आता बघतोच, कोण मावतं ते," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "असं बोलू नका हो."

आम्ही दोघं वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या दारी गेलो. पाच मिनिटंही झाली नसतील.

परत आलो, तर लेक खाली होती. ओल्या फरशीवर, उघडी. डोळे टक्क उघडे, ओठ निळसर. रडत नव्हती.

तिचं दुपटं वर, पेटीत होतं. त्या अकरा इंचांत, मधोमध फुगलेलं.

बायकोने लेकीला उचलून छातीशी घट्ट धरलं. मी पेटीला हात घातला. पेटी उचलून बाहेर टाकावी, तर आतलं ते मग कुठे निजेल? या घरात ऊबदार जागा आता एकच उरली होती. बायकोची कूस.

"फळी काढा," ती म्हणाली.

मी सहाही स्क्रू काढले.

तिने लेकीला डाव्या फळीशी ठेवलं आणि फुगलेल्या दुपट्यावर वाकून ती लाडाने म्हणाली, "तिलाही झोपू दे हं, बाळा."

दुपटं बोटभर बाजूला सरकलं.