जनरलसाठी दोन बार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये बोललेलं मला चालणार नाही. पस्तीस वर्षं कोडगूत, तुमच्या कूर्गात, बातमीदारी केली, ऐकीव एक ओळ छापली नाही. ही गोष्ट माझ्या शेजाऱ्याची, सुभेदार बोपय्याची. सतरा नोव्हेंबर, सोमवार. अमावस्या तीन दिवसांवर.

दुपारी तीनला बोपय्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आणायला गेला. त्याचा कुत्रा जनरल, सोळा वर्षांचा. नाव त्यानंच ठेवलेलं. म्हणायचा, फौजेत जन्म सलाम ठोकण्यात गेला, आता जनरललाच 'बस' म्हणतो. त्या जनरलचे मागचे पाय गेले होते. चार दिवस पोटात अन्न नव्हतं, रात्रभर कण्हणं चालायचं. एक सुई टोचली असती तर सुटला असता. पण डॉक्टरची जागा चौदा महिने रिकामी. मी तीनदा छापलंय, अजून रिकामीच आहे. फाटकाला मात्र दोनदा रंग झाला. कारकून म्हणाला, गुरुवारी या. बोपय्या म्हणाला, कुत्र्याला गुरुवार कळत नाही. आणि परत आला.

घरी देचम्मानं, त्याच्या बायकोनं, डुकराचं मटण रांधलं होतं. जनरलनं हुंगलं, तोंड फिरवलं. तेव्हा बोपय्यानं भिंतीवरची बंदूक काढली. एक काडतूस भरलं.

"एकच हं," देचम्मा म्हणाली. "दोन झाडलेत तर गाव दारात येईल."

आमच्याकडे मुलगा झाला की एक बार काढतात, घरातलं माणूस गेलं की दोन. दोन ऐकू आले की हातातला घास टाकून निघायचं. कोण गेलं, ते तिथं पोचल्यावर विचारायचं.

"एकच," तो म्हणाला. "म्हातारा आहे. पुरेल."

पावणेनऊला त्यानं जनरलला घोंगडीत गुंडाळून कॉफीच्या मळ्यात नेलं, फणसाखाली ठेवलं. देचम्मा दारात उभी राहिली. कान तिकडे.

पुढचं त्यानं मला सांगितलं ते सपाट आवाजात, हवालदार पंचनामा वाचतो तसं. बंदूक खांद्याला लावली. जनरलनं शेपटी हलवली. एकदा. बंदूक खाली ठेवली. शेजारी बसला. रडू नाही. राग नाही. काहीच नाही... पाठीवर हात ठेवला. हाताखाली श्वास चालू होता. मग... नव्हता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी जेवत होतो. एक बार. थोडा वेळ गेला. दुसरा.

घास टाकला, निघालो. शेताच्या बांधावर बॅटऱ्याच बॅटऱ्या. अंगणात तीसेक माणसं जमली. देचम्मा आमच्याकडे बघत राहिली.

"कोण गेलं, वहिनी?" उत्तय्यानं विचारलं. हा पलीकडच्या मळ्याचा मालक.

"तुम्ही सगळे का आलात?"

"दोन बार झाले."

"मी मघापासून इथंच उभी आहे," ती म्हणाली. "मी एकही ऐकला नाही."

बॅटऱ्या मळ्याकडे वळल्या.

मळ्यातून बोपय्या आला. खांद्याला बंदूक, हातांवर घोंगडी, तिच्यातून लोंबणारी जनरलची शेपटी. उत्तय्यानं टोमणा मारला, सुभेदार, कुत्र्यापायी गावाला ताटावरून उठवलंत होय. मग बॅटरी बोपय्याच्या चेहऱ्यावर गेली आणि उत्तय्यानं हात पुढे केला. त्यानं बंदूक घेतली, उघडली. काडतूस तसंच. न फुटलेलं. नळी गार. घोंगडी उलगडली. जखम नाही. रक्त नाही.

"माझ्याच्यानं झालं नाही," बोपय्या म्हणाला.

तीस माणसं मौतीला आली होती. मौतीला आलेला माणूस तसाच परतत नाही. उत्तय्यानंच कुदळ मागितली. फणसाखाली आळीपाळीनं खणलं. मूठमाती सगळ्यांनी दिली. बोपय्यानं सर्वांत शेवटी.

तासाभरानं अंगणात परतलो. पायरीसमोर, जिथं उभं राहून घरच्या माणसासाठी बार काढतात, तिथं... दोन रिकामी काडतुसं. पुठ्ठ्याची, जुनी. तसली मिळणं बंद होऊन तीस वर्षं झाली.

कुणी हात लावेना.

देचम्मा वाकली. एक उचललं. चटकन दुसऱ्या हातात घेतलं. पुन्हा पहिल्या...

भाजत होतं.