एकोणिसावी खेळी

"तुमचा हा कॉम्प्युटर लबाड आहे!"

कॅफेतली सगळी डोकी वळली. महाडच्या बाजारपेठेत चपलांच्या दुकानाच्या माडीवरचा, तीन कॉम्प्युटरांचा तो कॅफे. डोकी असून असून किती असणार? चार. पण उझ्माच्या आवाजाला धारच अशी होती की खाली दुकानात एका गिऱ्हाइकाने पायात घातलेली नवी चप्पल गुपचूप काढून ठेवली म्हणतात.

शहबाज उठून आला. कॅफे तोच चालवायचा. दासगावचा पोरगा, उंच, काटकुळा, उजव्या कानावर कायम पेन.

"काय केलं त्याने?"

"माझ्या राजाला उडी मारू देत नाही."

शहबाजने पडद्याकडे पाहिलं. बुद्धिबळाचा पट होता. समोर कुठल्याशा थंड देशातला अनोळखी खेळाडू, दोघांना तीन-तीन मिनिटं, आणि उझ्माचं घड्याळ भराभर उतरत होतं.

"राजा... आणि उडी?"

"घोड्यासारखी. अडीच घरं. डावात एकदाच, शह बसायच्या आधी. एवढं माहीत नाही आणि कॅफे चालवता?"

"अहो, सगळ्या जगात राजा एकच घर चालतो."

"मग जगाला नीट शिकवलं नसेल कुणी."

घड्याळ शून्यावर आलं. उझ्मा हरली. ओळीने सतरावा डाव.

खरं तर यात तिची काही चूक नव्हती. तिला बुद्धिबळ शिकवलं होतं तिच्या अब्बांनी, इनायतने, पोलादपूरच्या घराच्या पडवीत. आपलं देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालतं आणि राजाला एक उडी माफ असते. पुढे इनायत क्रेन चालवायला मस्कतला गेला, तीन वर्षं झाली, रजा काही मिळाली नाही. आखातात शुक्रवारी सुट्टी. म्हणून दर शुक्रवारी दुपारी उझ्माची अम्मा, खतीजा, लेकीला घेऊन एसटीने महाडला यायची, कानाला हेडफोन लावायची आणि मस्कतशी बोलायची. बोलायची कसली! तिचा आवाज इंटरनेटशिवायही अरबी समुद्र ओलांडून गेला असता. इंटरनेट लागायचं ते फक्त इनायतचा आवाज इकडे आणायला.

अम्मा बोलत असे तोवर उझ्मा शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून हरत असे.

पुढच्या शुक्रवारी ती आली तर टेबलावर एक कागद. आकड्यांच्या आणि अक्षरांच्या ओळी, मध्येमध्ये पेनाने केलेले गोल.

"हे काय?"

"तुमच्या हरलेल्या डावाचा पंचनामा," शहबाज म्हणाला. "साइट प्रत्येक खेळी साठवून ठेवते. मी फक्त प्रिंट काढली."

"माझ्या डावात नाक खुपसायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. पण सतरा वेळा एकाच खड्ड्यात पडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. राहवलं नाही."

उझ्माने कागद चुरगाळण्यासाठी उचलला. मग... नाही चुरगाळला. "आणि तुम्ही किती मोठे खेळाडू?"

"मी? तुमच्याहून वाईट." तो खुशाल हसला. "पण मी हरलो की बसून बघतो, कुठे हरलो ते. तुम्ही लगेच दुसरा डाव लावता."

"हरलेल्या डावाचं तोंड कोण बघतं?"

"ज्याला पुढचा जिंकायचा असतो तो."

कुणी असं बरोबर बोललं की उझ्माला भयंकर राग यायचा. रागारागातच तिने खुर्ची थोडी सरकवून त्याला जागा करून दिली.

त्याचा एकच नियम होता. डाव पुन्हा लावायचा आणि प्रत्येक खेळीला थांबून सांगायचं, त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं. खरं. लाज वाटली तरी खरं. इथे थाप मारली की पुढच्या वेळी तोच खड्डा.

"चौथी खेळी. डोक्यात काय होतं?"

"समोरच्याला दिसणार नाही असं वाटलं."

"पाचवी?"

"खालून भज्यांचा वास आला."

"सहावी? इथे तर तब्बल बावीस सेकंद गेली."

उझ्मा पडद्याकडेच बघत म्हणाली, "विचार करत होते... तुम्ही पेन नेहमी उजव्याच कानावर का ठेवता."

शहबाजचं पेन कानावरून घरंगळलं, टेबलाखाली गेलं, आणि ते शोधायला तो जो वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

श्रावण गेला, भादवा गेला. दर शुक्रवारी छत्र्या दाराजवळच्या बादलीत निथळायच्या, मोडेम किंचाळायचं, खाली रस्त्यातल्या म्हशी त्याला उत्तर द्यायच्या, आणि प्लायवूडच्या आडोशाला दोन डोकी एका पटावर झुकलेली असायची. दोन डोक्यांत बरोबर एक वीत अंतर. खतीजा मस्कतशी बोलता बोलता मान वळवून ती वीत मोजून घ्यायची.

"तुझी प्यादी म्हणजे कशेडी घाट चढणारे भरलेले ट्रक," शहबाज म्हणायचा. 'तुम्ही' कधी 'तू' झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. "एकामागून एक, हळूहळू. आणि मागे अडकून वजीर हॉर्न मारतोय."

"मारू दे. माझा वजीर आहे."

"दोन घरं टाक की पहिल्या खेळीला. मुभा आहे."

"मुभा आहे म्हणून कुणी धावत सुटतं का?"

"घोडे बाहेर काढ, उंट बाहेर काढ, मग हत्तीच्या आड राजाला किल्लेकोट. रायगडाच्या मुलखात राहतेस आणि राजाला किल्ल्यात न्यायची लाज वाटते?"

ते मात्र लागलं. त्या दिवशी उझ्माने जन्मात पहिल्यांदा किल्लेकोट केला आणि बल्गेरियाच्या कुणा बाप्याला चोवीस खेळ्यांत धूळ चारली. खुर्चीवरून ती अशी उसळली की वीतभर अंतराची तीन बोटं कमी झाली. दोघांनीही तातडीने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी अम्माचा आवाज आला. "काय? कुनाचा पोरगा? तुमच्याच कंपनीतला? स्टोअरकीपर? डिसेंबरात? अवो, डिसेंबर म्हंजे आलाच की! आनि पोरीचं कॉलेज?... नंतर बगू म्हनता?"

अशा रीतीने उझ्माचं लग्न ठरल्याची बातमी आधी कॅफेला लागली, मग चपलांच्या दुकानाला, आणि शेवटी उझ्माला.

ती उठली. अम्माच्या डोक्यावरचा हेडफोन काढून तिने स्वतःच्या कानाला लावला.

"अब्बा, नाही."

"काय नाय?" मस्कतहून अब्बा बोलले.

"सगळंच नाही. स्टोअरकीपर नाही, डिसेंबर नाही, कॉलेज नंतर बघू, तेही नाही."

"लई बोलायला लागलीस गो," इनायत हसला. त्याला वाटलं, पोरगी अजून पडवीतलीच आहे. "असं कर. आयुष्यात मला एकदा तरी हरवलंयस? पुढच्या शुक्रवारी त्या तुझ्या साइटीवर एक डाव. तू जिंकलीस तर तुझं खरं. मी जिंकलो तर माझं."

"डाव खेळेन. शर्त लावणार नाही."

"घाबरलीस?"

"निकाह माझा आहे, अब्बा. पटावर मांडायला काढलेला नाही. हरले तरी नाहीच म्हणणार, जिंकले तरी नाहीच."

"मग खेळायचं तरी कशाला?"

उझ्माचा आवाज तेवढ्यापुरता जरासा खाली आला. "तीन वर्षं आपण खेळलो नाही म्हणून."

पलीकडून इनायत म्हणाला, "ये पुढच्या शुक्रवारी." शर्त त्याच्या मनातून गेली नव्हती, हे तिला कळलं. बापाचंच रक्त होतं.

त्या दिवशी शहबाजने प्रिंट काढली नाही. जिन्यापर्यंत सोडायला आला आणि पुटपुटला, "शर्त घ्यायची होतीस. तू जिंकली असतीस."

"आणि हरले असते तर? माझाही कागद करून फाइलला लावला असतास?"

त्याने कानावरचं पेन काढलं आणि पुन्हा ठेवलं.

"तुला काही बोलायचं असेल तर आत्ता बोल, शहबाज."

"मला... पहिल्या सहा खेळ्या पुन्हा एकदा बघाव्या असं..."

"बघत बस," उझ्मा म्हणाली आणि ताडताड जिना उतरली. खाली जाईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो कानावरचं पेन दातात धरून उभा होता, हे दिसलं असतं.

पुढचा शुक्रवार उजाडला. उझ्माने आधी अम्माला हेडफोनवर बसवून अब्बांना सगळे नियम सांगायला लावले. फसवून जिंकायचं नव्हतं तिला.

"अवो, प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं म्हनते पोरगी! राजाला उडी नाय! उडी ना-य! आनि तो किल्ल्यात जातो हत्तीला धरून!... मला काय म्हाईत कसा जातो, चालत जात असंल!"

मग अम्माची नजर शहबाजवर गेली. "आनि तू रे? तू तिकडं भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हा. उद्या कुनी म्हनायला नको, कॅफेवाल्यानं सांगितलं म्हनून."

तो मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शिक्षा झालेल्या शाळकरी पोरासारखा.

डाव सुरू झाला. प्यादं दोन घरं. घोडे बाहेर, उंट बाहेर. सातव्या खेळीला उझ्माचा राजा किल्ल्यात. नियम सांगून झाले होते, पण इनायतचा हात कुठला ऐकायला? त्याची प्यादी एकेक घर डुलत आली आणि वजीर एकटाच मैदानात उतरला. बाराव्या खेळीला त्याचा घोडा गेला, पंधराव्याला उंट. एकोणिसाव्या खेळीला वजीर हत्तीच्या माऱ्यात उघडा. उझ्माच्या घड्याळात अट्ठेचाळीस सेकंद. वजीर घ्यायचा, दोन खेळ्यांत मात. झालंच.

तिने हात माऊसवर ठेवला. आणि पडद्यावरून नजर उचलली...

शहबाज अजून भिंतीकडे तोंड करून होता. शर्टाची कॉलर मागून दुमडलेली. मानेवर केसांचा एक चुकार भोवरा. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले, बोटं पांढरी पडलेली. वळून बघायला कुणीही त्याला अडवलं नसतं, अम्मा पंख्याखाली डोळे मिटून बसली होती. पण तो वळत नव्हता.

उझ्माने वजीर घेतला तेव्हा घड्याळात आठ सेकंद उरली होती. अब्बांनी राजा हलवला. तिने शह दिला. पुन्हा राजा हलला. शेवटच्या खेळीला माऊसचा बाण घरापर्यंत पोचला आणि... शून्य.

"जिंकलो!" मस्कत गरजलं. "बघ, बापाला हरवायला निघाली होती! आता माझं खरं!"

उझ्माने शांतपणे हेडफोन कानाला लावला. "जिंकलात. मुबारक. आता डाव पुन्हा लावा."

"जिंकलेल्यानं कशाला पुन्हा बघायचं?"

"पहिली खेळी, अब्बा."

काय असतं पोरीच्या आवाजात कोण जाणे, चाळीस टनांची क्रेन हलवणारा माणूस निमूट बसून बघू लागला. तिने दाखवलं, प्यादी कुठे रखडली, घोडा का गेला, वजीर कशाला उगाच बाहेर पडला. प्रत्येक ठिकाणी डोक्यात काय होतं तेही सांगितलं. इनायत आधी "हूं" म्हणत होता. मग "अरे तेच्या" म्हणू लागला.

"म्हंजे मी पंधराव्यालाच संपलो होतो," तो अखेर म्हणाला.

"हो."

"मग ही एकोणिसावी? वजीर उघडा, तुला दिसत होता. चाळीस सेकंद काय केलंस गो? डोक्यात काय होतं?"

अम्माने डोळे उघडले.

थाप सुचली असती. अब्बा, लाइट गेली. अब्बा, माऊस अडकला. उझ्माला दहा थापा एका श्वासात सुचायच्या.

"शहबाज," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्या माडीला ऐकू जाईल असं. "दासगावचा. हा कॅफे चालवतो. मला हरलेला डाव बघायला यानेच शिकवलं. चाळीस सेकंद मी त्याच्याकडे बघत होते. म्हणून हरले. पुन्हा खेळले तरी पुन्हा बघेन."

खतीजाने पदर तोंडाला लावला. तो ओरडण्यासाठी की हसू दाबण्यासाठी, ते तिलाही ठरवता आलं नाही.

"त्याला दे," मस्कत म्हणालं.

शहबाजने हेडफोन उलटा घातला, मग सुलटा घातला. "जी... जी. दासगाव, जी... नाही, मी तिच्याहून वाईट खेळतो... जी, मी सांगितलं नाही, मी भिंतीकडे... जी. खरं तेच सांगतो." त्याने उझ्माकडे बघितलं. या वेळी पडद्याकडे पळाला नाही. "सतराव्या डावापासून, जी. ती ओरडली होती ना माझ्या कॉम्प्युटरवर... तेव्हापासून."

पलीकडे काय उत्तर आलं ते त्याच्या कानांच्या रंगावरून कुणी ओळखलं असेल तेवढंच. त्याने हेडफोन उझ्माला परत दिला.

"डिसेंबरात येतो," अब्बा म्हणत होते. आवाज घोगरा होता. "पोराला बघतो. मग ठरवू."

"या. बघा. जेवायलाही बसवू त्याला," उझ्मा म्हणाली. "पण ठरवायचं काही राहिलेलं नाही, अब्बा."

"बापावर गेलीस," इनायत म्हणाला. हे बोलताना तो रागावलेला होता असं त्याचं म्हणणं आहे. खतीजाचं म्हणणं वेगळं आहे.

खाली बाजारपेठेत संध्याकाळची वर्दळ सुरू झाली होती. अम्माने पिशवी उचलली, छत्री उचलली, दारात उभी राहून हाक मारली, "चल गो उझ्मा, पाचची पोलादपूर सुटंल!"

शहबाजने कॉलर सरळ करायला हात मागे नेला. उझ्माने तो मध्येच धरला, कॉलर दुमडलेलीच राहू दिली, आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून पुन्हा बसली.

"सुटू दे, अम्मा," ती म्हणाली. "साडेसहाची आहे."