अळणी ताट

कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर घरातल्या गेलेल्या माणसांसाठी ताट मांडतात आणि ते अळणीच रांधतात. मर्लने मात्र नवऱ्याचं ताट सात वर्षं मांडलं नव्हतं. फिट्झरॉयची होडी सापडली होती, तो नाही.

"प्रेत कुणी पाहिलंय?" ती विचारायची.

"म्हणून सात वर्षं उपाशी ठेवायचं बाबांना?" त्या सकाळी आयोनी आईला बोलून गेली आणि स्वतःच चपापली.

मर्लने मासा उकडला, मक्याच्या पिठाचा गोळा शिजवला, ताटावर फडकं टाकलं आणि खोलीला कुलूप लावलं. "जेवला तर मानेन, गेला तो. नाहीतर हा विषय बंद."

दुपारी आयोनी आठ पर्यटक पाहुण्यांना होडीत घेऊन प्रवाळाच्या खडकांवर गेली. तोंडात नळी, पायांत रबरी पंख, सगळे पालथे तरंगत मासे बघत होते. तिने डोकी मोजली. आठ. ती निश्चिंत झाली.

पाण्यात तोंड घातलं, तर पोपटमाशांची प्रवाळ कुरतडण्याची कडकड एकाएकी थांबलेली...

टोकाचा एकजण अनवाणी होता आणि भुशिराकडे निघाला होता.

"ओ काका! पंख कुठे टाकलेत? तिकडे ओढ आहे!"

तो वळला नाही. चरफडत ती मागे गेली. कितीही हात मारले तरी अंतर तेवढंच. पुढे हलणारा उजवा पाय तेवढा दिसत होता, अंगठा नसलेला.

भुशिरापलीकडे तो दिसेनासा झाला. तिथे तिच्याच पाहुण्यांतली निळ्या टोपीतली एक म्हातारी खडकाला कवटाळून होती, ओठ काळेनिळे पडलेले. "पायात गोळा आला गं... किती हाका मारल्या..."

आयोनीने तिला होडीत घेतलं, बाकीच्यांना बोलावून पुन्हा मोजलं. आठ. सगळ्यांच्या पायांत पंख. मग ही बाई नसताना मघाशी आठ कसे भरले?

बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा होडीच्या नांगराच्या दोरात गेला होता. भीती वाटत होती, आणि तरी तिला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दिवेलागणीला मर्लने कुलूप काढलं. ताट जसंच्या तसं होतं. आयोनीने दुपारचं सगळं सांगितलं, पण आईला पटेना.

"मनाचे खेळ गं तुझ्या. शिवलाही नाही बघ तो."

रिवाजाप्रमाणे उरलेलं घरच्यांनी खायचं. मर्लने घास घेतला आणि थांबली.

"तू मीठ घातलंस?"

"मी कशाला घालू? किल्ली तुझ्याच कमरेला होती ना..."

आयोनीने चाखून पाहिलं. मासा समुद्राच्या पाण्यासारखा खारट लागत होता.

"हात न धुताच बसला जेवायला," मर्ल म्हणाली, आणि डोळे पुसत तिने दुसरा घास घेतला.