आईला ठाऊक नसलेली

आईच्या दहाव्याचं सामान मीच आणलं. काळे तीळ, दर्भ, पत्रावळी. तसली कामं माझ्याकडेच असतात. दाढ काढायची असो, पोलीस ठाण्यात उभं राहायचं असो की मयताचं सामान आणायचं असो, मला, विनोदिनीला, पुढे करतात.

नीट सांगते, नाहीतर गोंधळाल. समता कॉलनीतल्या आमच्या घरात बाहेरून पाहिलं तर आईच्या मागे एकच बाई उरली आहे, गंधाली. तिच्या आत आम्ही तिघी आहोत. गंधाली तेलीबांध्याच्या ऑफिसात जाते, लोकांशी गोड बोलते. ऋता शाळकरी वयापुढे वाढलीच नाही. आणि तिसरी मी. एक खोली समजा, तिला एकच खिडकी. खिडकीशी जी उभी, तिचे हात, तिची जीभ. बाकीच्या मागे बसून ऐकतात. वर्षानुवर्षं असंच चाललंय, आणि तुमच्या एकत्र कुटुंबांपेक्षा बरं चाललंय.

आईला हे माहीत होतं. चहा टाकण्याआधी ती विचारायची, "कोन हायेस वं?" ऋता असली की दूध जास्त. पण तिला दोघीच ठाऊक होत्या. मी आले वडील गेले त्या दिवशी. आधीच दोघींनी तिच्या नाकी नऊ आणलेले, त्यात तिसरीचं कुठे सांगायचं? खिडकीशी असले की मी "गंधाली" असंच उत्तर द्यायचे आणि चहा घ्यायचे. तिने एकदा तरी मला माझ्या नावानं हाक मारावी, असं फार वाटायचं. सांगायचं राहून गेलं.

महादेवघाटावर कावळा शिवेना. पिंपळावर हवे तेवढे बसले होते, पण पिंडाकडे बघायलाही तयार नव्हते. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. वडिलांचे धाकटे भाऊ रामकृष्णकाका क्रियेला बसले होते. त्यांनी हात जोडून कबूल केलं की पोरीला अंतर देणार नाही, घर विकू देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढत गेलं. आत ऋता रडत होती, तिला आई हवी होती. गंधालीही म्हणाली, तिला सांग, आमच्यात येऊन राहा. खिडकीशी मी होते, म्हणून मलाच बोलावं लागलं. खोटं कशाला सांगू, मलाही ती हवी होती.

मी हळूच म्हटलं, "आई, आत ये. जागा आहे."

बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर उतरला. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

घरी आलो. काका बाहेरच्या खोलीत पंख्याखाली टेकले. मी ओट्यापाशी पाणी भरत होते, तेव्हा आतून आईच्या बामाचा वास आला. मग स्लिपर घासत चालल्याचा आवाज. आई डावा पाय जरा ओढून चालायची. ऋता रडायची थांबली.

"जेवल्या का वं पोरींनो?"

ऋता तिच्या मांडीत शिरली. गंधाली पायाशी बसली. मला इतकं हलकं वाटलं की नळ वाहतोय याचंही भान राहिलं नाही. आता आपलं नाव सांगायचं, मी ठरवलं.

पण आधी तिनेच माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आन... ही कोन वं?"

गंधालीनं सांगायला हवं होतं. ती आईचे पाय चेपत राहिली. मग मीच नाव सांगितलं. तुझीच आहे, म्हटलं, कितीतरी वर्षं तुझ्या हातचा चहा घेतलाय. आई मान हलवत होती, पाहुणीचं ऐकावं तशी. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि खिडकी तिची झाली. हातांनी नळ बंद केला. तो मी केला नव्हता.

आमच्याच तोंडातून आवाज गेला, "भावजी, बसा. चहा ठेवून राहिली मी."

काका स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांना भावजी म्हणणारी एकच होती, आणि तिचं दहावं ते नुकतंच करून आले होते.

"वहिनी...?" एवढंच म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि पाय मागे सरकत होते.

चहा उकळतोय तोवर हे सांगून घेते. आमच्या खोलीला आजवर दार नव्हतं. आता खिडकीला लागूनच एक आहे, आणि आईनं ते उघडून धरलंय. पलीकडे काही दिसत नाही, नुसता गार वारा येतो. कोणाला रिकाम्या हातानं पाठवायची तिची रीत नाही, म्हणून तिनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली आहे. बाहेर काका गंधालीच्या उजव्या हाताकडे बघताहेत. बोटांमधून दही ओट्यावर गळतंय. आई गेल्यापासून आम्ही घरात दही आणलेलं नाही.

"जाय बाई आता," आई म्हणते, अगदी मायेनं. "उशीर झाला. तुही माय वाट पाहून राहिली असन."