घर : शून्य मीटर

मासे मारायला बर्फावर चालत जायचं, असं मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा बाळकृष्ण खातूंनी आधी विचारलं, "तू प्यायला लागलायस का रे?"

कौशिक पीत नव्हता. तो कॅनडात, विनिपेगजवळ नोकरीला होता, आणि तिथली तळी हिवाळ्यात अशी गोठतात म्हणे, की लोक त्यांच्यावर गाड्या घालतात. मग गिरमिटानं भोक पाडायचं, स्टुलावर बसायचं आणि भोकातून गळ सोडायचा.

"आणि परत यायचं कसं?"

मेख तिथेच होती. वारा सुटला की बर्फाची पूड उडते, आभाळ नि जमीन एक होतात आणि माणसाला स्वतःचे बूटसुद्धा दिसत नाहीत. गेल्या वर्षी कौशिकच्या ओळखीचा एक जण चारशे पावलांवरच्या आपल्या गाडीपर्यंत पोचलाच नाही.

"म्हणून हातात धरायचं जीपीएस घेतोय, बाबा. ऑनलाइन बघतोय एक."

ऑनलाइन! ज्याच्या बापानं मस्कतला वादी कबीरमध्ये, बोटींच्या सामानाच्या दुकानात बावीस वर्षं उभं राहून ओमानी कोळ्यांना जीपीएस विकले, तो मुलगा ऑनलाइन बघतो! "तू कशाला हात लावू नकोस," बाळकृष्ण म्हणाले. "मी निवडणार, मी तपासणार, मी पाठवणार." फोन ठेवल्यावर मात्र त्यांना घोटभर पाणी प्यावं लागलं. चारशे पावलं म्हणजे किती, ते मनात मोजत बसले.

बाळकृष्ण तसे देवभोळे, पण यंत्राच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. दर शुक्रवारी सकाळी एका फ्लॅटमध्ये कीर्तन व्हायचं, तिथे ते झांज धरायचे. ताल जरा मागेपुढे व्हायचा, पण बुवा सांभाळून घ्यायचे. तेच बाळकृष्ण दुकानात मात्र गिऱ्हाइकाला, म्हणजे तिथल्या भाषेत 'अर्बाब'ला, सांगायचे, "भाव देवावर ठेवा अर्बाब, बॅटरीवर नको. बॅटरी तपासून घ्या."

दुकानातून त्यांनी दोन यंत्रं काढली. एक काळं, काचेला बोट लावून चालणारं, रंगीत नकाशांचं. दुसरं पिवळं, ठोकळ्यासारखं, बाजूला जाड बटणं. तीन वर्षं ते कुणी घेतलं नव्हतं. मग बाळकृष्णांनी वहीत लिहिलं : हातमोज्यांनी चालतं का, थंडीत बॅटरी टिकते का, आणि डोळ्यांना काही दिसत नसताना माणूस घरी पोचतो का.

थंडीची परीक्षा हुसेनच्या ट्रकमध्ये झाली. हुसेन दाभोळचा, सुरमईचा व्यापारी. दुक्म बंदरातून मस्कतला बर्फातली मासळी आणायचा. बाळकृष्ण पालशेतचे. म्हणजे गावं दाभोळच्या खाडीच्या अल्याडपल्याड, आणि तीस वर्षांची दोस्ती खाडीच्या या बाजूची मासळी चांगली की त्या, या भांडणावर टिकलेली. हुसेननं दोन्ही यंत्रं सुरू करून सुरमईच्या पेटीत, बर्फात पुरली. काळं चाळीस मिनिटांत मेलं. पिवळं सहा तासांनी बाहेर काढलं तेव्हा हसतमुख होतं.

"वास मारतोय त्याला," हुसेन म्हणाला.

"कौशिकला तेवढंच घर आठवेल."

घरी नेऊन बाळकृष्णांनी पिवळं देवापुढे ठेवलं, त्याला कुंकवाचं बोट लावलं. नवीन वस्तू कुंकवाशिवाय वापरायची नाही, हा त्यांच्या आईचा नेम. मग नीट जुळवायला घेतलं, तर यंत्रानं पहिलाच प्रश्न केला : घराची जागा?

आता, घर कुठे असं विचारल्यावर वादी कबीरचा फ्लॅट सांगेल असा कोकणी माणूस गल्फमध्ये अजून यायचाय. बाळकृष्णांची बायको सुरेखा पालशेतला असायची. घर, बाग, गुरं तिच्याच जिवावर. त्यांनी तिला फोन लावला, पडवीत नेऊन उभं केलं आणि तिच्या फोनवर दिसणारे आकडे वाचायला लावले.

"मधोमध उभी राहू का कडेला?" सुरेखानं विचारलं.

"मधोमध. नेमकं हवं."

"या वयात हे खेळ सुचतात. वाचते. सतरा, पॉइंट..."

इंग्रजी अक्षरांत 'घर' लिहून त्यांनी ते आकडे साठवले, यंत्राला नमस्कार केला आणि ती गोष्ट विसरून गेले.

राहिली शेवटची परीक्षा. ओमानात बर्फाचं मैदान आणायचं कुठून? हुसेननंच सुचवलं. दुक्मच्या वाटेवर, महूत गावाच्या पुढे, सबखा लागते. सबखा म्हणजे मिठाचं माळरान. मैलोगणती पांढरं सपाट, वर मिठाची पापडी, खाली चिखल. झाड नाही, दगड नाही.

शनिवारी सकाळी दहाला दोघं तिथे पोचले. जानेवारीतलं ऊन होतं, तरी मिठावरून डोळ्यांत घुसत होतं. बाळकृष्णांनी हातात मोजे चढवले. हुसेनच्या बायकोचे, साबेराचे, ओव्हनमधून भांडं काढायचे, गुलाबाच्या फुलांचे.

"एकदम कॅनडा," हुसेन म्हणाला. "फोटो काढून तुझ्या कीर्तनवाल्यांना पाठवू?"

"पाठव. बुवांना म्हणावं, लेकरासाठी माणूस काय काय सोंगं करतो बघा."

बेत साधा होता. ट्रकपासून चारशे पावलं सरळ जायचं, डोळ्यांना पंचा बांधायचा, तीन गिरक्या घ्यायच्या, बटण चाचपून 'घरी चला' दाबायचं, आणि पंच्याखालून फक्त पडदा दिसेल एवढी फट ठेवून बाणामागून यायचं. अगदीच वाट चुकली तर कानाला खूण हवी, म्हणून ट्रकच्या स्पीकरवर कीर्तन मोठ्यानं लावून ठेवायचं ठरलं.

"बंद नको करूस हुसेनभाई."

"मी कशाला बंद करू? मागल्या खेपेला तुझ्या बुवांचं आख्यान अर्ध्यावर राहिलं. पुढे काय झालं ते मला कळायला नको?"

बाळकृष्ण निघाले. पापडी पायाखाली पापडासारखी मोडत होती. चारशे पावलं मोजली, पंचा बांधला, गिरक्या घेतल्या. दिशा खरंच हरवल्या. बटण मोज्यातून पहिल्या झटक्यात दाबलं गेलं. 'बटणं उत्तम,' त्यांनी मनातल्या वहीत लिहिलं.

पडद्यावर आकडा आला : २९० मीटर. बाण उजवीकडे.

ते चालू लागले. बुवा लांबून गात होते. जीव आपल्या घराची वाट विसरला आहे, आणि घर मात्र दार उघडं ठेवून बसलं आहे, असं निरूपण चाललं होतं. २४०. १९०. बाळकृष्णांना भरून आलं. यंत्र बिनचूक होतं. पोरगा पोचणार.

दीडशेच्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की पाय वाजत नाहीयेत.

पापडी मोडायची थांबली होती. खालची जमीन टणक आणि गुळगुळीत लागत होती, देवळातल्या फरशीसारखी. बुवांचा आवाज जवळ आला होता, पण समोरून नव्हे. जरा खालून आल्यासारखा. 'वारा फिरला असेल,' ते म्हणाले. वारा खरंच फिरला होता. कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या होत्या.

८० मीटर. ऊन गेलं असावं. पंच्याच्या फटीतून येणारा उजेड करडा झाला होता.

३०.

झांज सुरू झाली. दर चौथ्या ठोक्याला किंचित मागे पडणारी.

'ही तर माझीच,' बाळकृष्णांना वाटलं, आणि लगेच आठवलं की या ध्वनिमुद्रणात झांज दुसऱ्याची होती.

९ मीटर. ४.

ते थांबले. पंचा ओढून काढला. ट्रकच्या दाराला हात लावून "पोचलो!" म्हणायचं, एवढं त्यांनी योजून ठेवलं होतं.

ट्रक नव्हता.

वर पांढरं, खाली पांढरं. मध्ये रेघ नाही.

पायापुढे एक भोक होतं. गोल, ताटाएवढं, कडा साफ कापलेल्या. आत काळं पाणी. ते हलत नव्हतं.

बाळकृष्ण गुडघ्यांवर बसले. यंत्र विकणारा माणूस, तपासल्याशिवाय बोलणार नाही. त्यांनी कडेचा एक तुकडा मोडला आणि जिभेवर ठेवला.

मीठ नव्हतं.

तुकडा जिभेवर विरघळला आणि त्याचं पाणी झालं.

भोकाच्या पलीकडे पावलं उमटली होती. बुटांची, मोठ्या मापाची. भोकापर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती.

यंत्र म्हणालं : घर, ० मीटर.

झांज थांबली. कुणीतरी ऐकत असावं तशी.

मागून भोंगा वाजला. बाळकृष्ण वळले, तर साठ पावलांवर हुसेनचा निळा ट्रक उन्हात उभा, आणि दारात हुसेन दोन्ही हात हलवत. पुन्हा पुढे बघितलं, तर मिठाची पापडी होती. शाबूत. ऊन डोळ्यांत घुसत होतं.

"अरे बाळू, काय चाललंय काय?" हुसेन धापा टाकत आला. "अर्धा तास गोल गोल फिरतोयस. घाण्याचा बैल बरा!"

"तू कीर्तन बंद का केलंस?"

"ते ना... साबेराचा फोन आला होता. तू वीस पावलं गेला असशील, तेव्हाच बंद केलं. माफ कर." त्यानं बाळकृष्णांकडे निरखून पाहिलं. "तुझ्या मिशीवर काय रे हे पांढरं?"

"मीठ असेल."

हुसेननं यंत्र हातात घेऊन बटणं दाबली आणि खो खो हसत सुटला. "अरे देवा! घर म्हणून पालशेत घातलंयस यात! ट्रकची जागा साठवायची की नाही? चालत पालशेतला निघाला होतास, होय? बघ, सोळाशे अडुसष्ट किलोमीटर दाखवतंय!"

बाळकृष्णही हसले. हसायलाच हवं होतं. मिशीवर हात फिरवला, तर ती ओली होती.

त्या आठवड्यात त्यांना झोप नव्हती. काळं पाठवावं, तर ते चाळीस मिनिटांत मरणार आणि पोरगा बर्फात राहणार. पिवळं पाठवावं, तर... तर काय? आपल्याला उन्हाचा झटका आला होता, एवढंच. त्यांनी बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, "खातू, जे घरी पोचवतं ते वाईट कसं असेल?" ते पटलं. बाळकृष्णांनी पिवळ्यातली पालशेतची जागा पुसली, सगळी आठवण कोरी केली, दोनदा खात्री केली आणि पार्सल करून पाठवलं. सोबत चिठ्ठी : 'जिथून निघशील ती जागा आधी साठव. बापासारखी चूक करू नकोस.'

पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी ते दुकान उघडत असताना कौशिकचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र होती. पोरगा घोंगडी गुंडाळून कप हातात धरून बसला होता. ओठ निळे, पण जिवंत.

"बाबा, आज वादळात सापडलो होतो. काही दिसत नव्हतं. तुमच्या यंत्रानं आणलं."

बाळकृष्णांनी तिथेच, शटरखाली, हात जोडले. डोळे वाहायला लागले. "गाडीची जागा साठवली होतीस ना?"

"विसरलो हो. पण त्यात 'घर' म्हणून होती ना तुम्ही घातलेली. तीच धरली. बरोबर शून्यावर आलो."

"मी पुसली होती ती."

"होती की. आणि जवळच होती, तीनशे मीटर."

बाळकृष्ण काही बोलणार, तोच दुकानातला फोन वाजू लागला. मोबाइल तसाच गल्ल्यावर टेकवून ठेवत त्यांनी तो उचलला. सुरेखा होती, आणि फणकाऱ्यात होती.

"एवढा लांबून येणार, तर मला सांगायचं नाही? घरात धड काही केलेलं नाही!"

"कोण येणार?"

"कोण म्हणजे? कौशिक! पडवीत बसलाय मधोमध. बूट पण काढले नाहीत त्यानं. बोलत काही नाही, दमलाय बिचारा. पाय शेकायला घंगाळात कढत पाणी ओतून दिलं..." ती थांबली. तिचा आवाज उतरला. "अहो, त्यानं पाय घातले आणि पाण्यावर साय धरायला लागलीय. काचेसारखी."

बाळकृष्णांनी रिसीव्हर कानाशी तसाच धरून मोबाइलकडे बघितलं.

गल्ल्यावरच्या मोबाइलमध्ये कौशिकनं कप खाली ठेवला आणि मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं.

"आईचा फोन ना, बाबा? विचारा तिला," तो म्हणाला, "पोचलो का मी?"