गहिनीनाथचा इकोचा डबा

टंग... टंग... टंग...

गहिनीनाथच्या बँजोचा हा सूर धारूरच्या आश्रुबानं पहिल्यांदा ऐकला, त्याला वीसेक वर्षं झाली असतील. पोरांनो, आश्रुबा माझ्या उठबशीतला माणूस. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नाही.

वरातीत गहिनीनाथ बँजो वाजवायचा, आश्रुबा आवाज मोठा करायचं मशीन सांभाळायचा. बँजोला पायानं दाबायचा इकोचा डबा होता. एक सूर छेडला की डबा तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. आत आवाज पाण्याच्या बादलीसारखा हातोहात पुढं जातो, दर हाताला थोडा सांडतो. म्हणून मागून येणारा सूर मंद, अंधूक.

"आत माझी म्हातारी बसलीय बे, तीच बोलतीय," गहिनीनाथ हसायचा.

पण डबा मशीनची घरघरही परत परत म्हणायचा. ती जावी म्हणून आश्रुबानं मशीनच्या अर्थिंगची वायर कापली. घरघर गेली.

गेल्या उन्हाळ्यात नांदूरघाटच्या वरातीत गहिनीनाथनं एका हातानं माइक धरला, अन् तारांवरचा दुसरा हात सुटेना. तिथंच गेला. लोक म्हणाले, अटॅक आला. आश्रुबा गप्प राहिला.

यंदा चैत्री अमावास्येला दिवस मावळता गहिनीनाथची बायको सत्यशीला सगळं सामान घेऊन आली.

"दादा, उद्या आमचे परमेश्वर भावजी वाजवणार हायेत. भावाची जागा घेतो म्हणतेत. तेवढं बघून ठेवा, पहाटं नेते."

गुपचूप वायर जोडायची, असं आश्रुबानं ठरवलं. मशीन उघडायच्या आतच, साडेनऊला, गावाची लाइट गेली. डबा सेलवर चालायचा. तो तरी बघावा म्हणून त्यानं चार्जिंगचा स्पीकर जोडला, तार छेडली.

टंग...

मागून सूर आला. मंद.

पुन्हा आला. जरा उजळ.

पुन्हा... आणखी उजळ.

आश्रुबानं तार दाबून धरली. स्पीकरची वायर उपसली. सूर थांबेना. जवळ येत होता... स्पीकरातून नाही. पाठीमागून. मानेपाशी.

मग सूर नव्हता. श्वास होता.

"नाथा...?"

...

"लई चुकलं रे माझं..."

...

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बॅटरीचा उजेड पाडून त्यानं मशीन उघडलं. कापलेली वायर जोडलेली होती. जोडावरचा सोल्डरचा थेंब बोटाला चटका देत होता. अन् सोल्डर तापवायला लाइट लागते; गावात ती अजून आली नव्हती.

पहाटे सत्यशीला आली.

"झालं का दादा?"

झालं होतं. आता परमेश्वरला धोका नव्हता. आश्रुबा गप्प बसला असता, तर कुणाला कळलंही नसतं.

"सत्यशीला... अटॅक नव्हता तो, करंट होता. अर्थिंगची वायर मी कापलती."

तिनं बँजो उचलला, पदराखाली घेतला. डबा अन् मशीन तिथंच ठेवलं. अन् चालायला लागली.