निथळेपर्यंत

पावसाळा लागला की तिच्या नवऱ्याच्या अंगात यायचं. गाडीच्या फिकट सीटांवर पाण्याचा थेंब पडू नये म्हणून हा माणूस डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचा. पायाखाली वर्तमानपत्रांच्या घड्या, ओल शोषायला सीटखाली मिठाच्या पुरचुंड्या, छत्रीला एक पिशवी, चपलांना दुसरी. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे भिजून आलेल्याने आधी बाहेर उभं राहून निथळायचं. अंगावरून थेंब गळायचे थांबले की काचेवर वाजवायचं, विचारायचं आणि मगच बसायचं. तिच्या भावाने एकदा विचारलं होतं, दोरीवर वाळून येऊ का म्हणून. सगळे हसले, ती मात्र हसली नाही. तिला या हौसेचा केव्हाच वीट आला होता.

नियम मनापासून पाळायचे ते एकटे सासरे. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि ओल आत शिरली की यंत्राचं काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते आडोशाला उभे राहून टोपी पिळायचे आणि मग बोटातल्या अंगठीने काचेवर दोनदा हलकेच वाजवायचे. "निथळलो रे आता. बसू का?"

गेल्या पावसाळ्यात त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दवाखान्यातून समोरच्या बसथांब्यापर्यंत येताना मोठी सर आली आणि ते चिंब झाले. नवऱ्याने काच बोटभर खाली केली, पेट्रोल भरून येतो, तोवर निथळा म्हणून सांगितलं आणि गाडी पेट्रोलपंपाकडे वळवली. पंपावर रांग होती. रांग संपल्यावर त्याला टायरमध्ये हवा भरायचं आठवलं. ती पुढच्या सीटवर बसून होती. आधी त्यांना आत घ्या, एवढं म्हणायला हवं होतं, पण तोंडात मिठाची गुळणी धरून ती गप्प राहिली. परत आले तेव्हा थांब्याच्या गळक्या छपराखाली म्हातारा थडथडत उभा होता. तशातही त्यांनी काचेवर वाजवून विचारलंच.

त्या तापातून ते उठले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नवरा सांगायचा, वय झालं होतं. आपलं चुकलं, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकायला ती वर्षभर थांबली होती. ते ऐकले असते तर स्वतःचं गप्प बसणंही तिने कबूल केलं असतं. पण त्याने तो विषय कधी काढलाच नाही.

या वर्षी पाऊस सुरू झाला आणि मागच्या डाव्या दाराच्या आत, पाय ठेवायच्या जागी, ओल दिसू लागली. नवऱ्याने दाराचं रबर बदललं, पाणी जायची भोकं तारेने साफ केली, गाडी ताडपत्रीखाली झाकली. सकाळी मॅट उचललं की खाली पुन्हा पाणी असायचं. गॅरेजवाल्याने सगळी गाडी उकलून पाहिली आणि शेवटी हात टेकले.

"पाणी कुठूनच शिरत नाहीये, वहिनी," तो तिला बाजूला घेऊन म्हणाला. "ओल्या कपड्यांनी कुणीतरी दारात नुसतं उभं राहावं… तसं दिसतंय हे."

तिने हे नवऱ्याला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता?

मग ती दुपार आली. आभाळ इतकं भरून आलं होतं की लोकांनी दिवे लावले होते. पुढे झाड पडलं म्हणून गाड्या खोळंबल्या, आणि त्यांची गाडी थांबली ती नेमकी त्याच बसथांब्यासमोर. काचा धुरकटल्या होत्या. गाडीत हळूहळू ओल्या टोपीचा आणि घड्याळाच्या तेलाचा वास भरत गेला. नवऱ्याने पंखा वाढवला, तसा वास अधिकच जवळ आला.

मागच्या काचेवर दोनदा वाजलं. काचेवर धातू वाजावा तसं, हलकेच.

"निथळलो रे आता…" बाहेरून आवाज आला. "बसू का?"

आवाज नवऱ्याने ओळखला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याचा हात सरकला, आणि चारही दारांना खट्‌कन कुलूप लागलं.

"अहो… बाबा आहेत."

त्याने समोर बघत खालच्या आवाजात उत्तर दिलं, "सीट भिजेल."

त्या क्षणी तिला बाहेरच्या आवाजाच्या भीतीपेक्षा नवऱ्याची किळस जास्त वाटली. तिने त्याचा हात बाजूला सारून कुलूप काढलं, मागे वळली आणि दार ढकललं.

"या बाबा. ओलेच या."

दाराबाहेर कुणी नव्हतं. तिरका पाऊस आत आला, सीट थोडीशी दबली, आणि दार न आपटता बंद झालं. सासरे नेहमी तसंच लावायचे. घरी पोचेपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून गाडी आतून ठणठणीत कोरडी आहे.

पाऊस सरला, उन्हं पडली. परवा भर दुपारी घराच्या दारावर दोनदा वाजलं, अंगठीने वाजवावं तसं, हलकेच. तिने उघडलं तर बाहेर नवराच होता. तो अंगठी घालत नाही. शर्ट कोरडा होता, केस कोरडे होते, आणि बोटांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. पायांखाली थारोळं साचलं होतं. तो केव्हापासून तिथे उभा होता, कोण जाणे.

"निथळतोय अगं… थेंब थांबतच नाहीत." तो कुडकुडत होता. "आत येऊ का?"

'या, तसेच या' हे शब्द अगदी तिच्या जिभेवर आले होते.

"गालिचा भिजेल," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

आत सासऱ्यांच्या खोलीत कुणीतरी सावकाश घड्याळाला किल्ली देत होतं.